तसाच लाल चाकू

चाकू हरवल्याचं कळलं तो बुधवार होता. हरवला केव्हा ते मला माहीत नव्हतं. कळलं बुधवारी सकाळी सव्वासातला, हातात सफरचंद असताना.

उजव्या खिशात हात घातला तर रुमाल निघाला. डाव्यात किल्ल्या. दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले आणि ते तसेच लोंबत असताना घरभर फिरलो. गादी उचलली. फ्रिजमध्ये पाहिलं, कारण याआधी माझा चष्मा दोनदा तिथे सापडला आहे. सोफ्याखाली कुंचा घातला तर एक पेन, एक बटण आणि हिच्या केसांच्या दोन पिना निघाल्या. पिना मी ड्रॉवरमध्ये ठेवल्या. चाकू नव्हता.

तो चाकू हिचा. ही म्हणजे माझी बायको. ती जाऊन आठ महिने झाले, आणि तेव्हापासून तो माझ्या खिशात असायचा. बोटाएवढा, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा, मिटणारा. मुठीवर कंपनीचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी मला कधी साधं पत्र पाठवलेलं नाही, मग मी त्यांची फुकट जाहिरात का करावी. पण तुम्ही ते पाहिलेलं आहे. कुलपांवर असतं, नेलकटरवर असतं, टॉर्चवर असतं. हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला असतो आणि त्यावर असे बारा चाकू ओळीने बसवलेले असतात, तोच.

ही या चाकूने पाकिटं फोडायची, दोरे तोडायची, पेन्सिली तासायची, प्लगचे स्क्रू पिळायची. आणि रोज सकाळी खिडकीशी उभी राहून सफरचंद कापायची. एक फोड स्वतःला, एक चाकूच्या टोकावर धरून माझ्यापुढे. मी पेपरातून मान वर न काढता ती दातांनी उचलायचो. एकोणीस वर्षांत माझा ओठ एकदाही कापला नाही. हे मी हिच्या हाताचं कसब समजत होतो.

सुरीने का नाही कापलं, असं विचाराल. कापलं. बुधवारी सुरीनेच कापलं, बशीत ठेवलं, टेबलाशी बसून काट्याने खाल्लं. आजारी माणसाला कोणीतरी आणून दिल्यासारखं लागलं.

संध्याकाळपर्यंत मी सगळं घर उपसलं आणि मग एक चूक केली. वरच्या मजल्यावर जाऊन चाकू हरवल्याचं बोललो.

वरच्या मजल्यावर पोलादराव राहतात. हे नाव हिने ठेवलेलं. गृहस्थ पूल बांधणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर आहेत आणि त्यांना चाकूंचं वेड आहे. सतरा चाकू आहेत, मखमलीच्या पेटीत. दर रविवारी ते सगळे बाहेर काढतात, तेल लावतात आणि परत ठेवतात. फोनवर त्यांचा एक गट आहे. त्यात जगभरचे असेच लोक एकमेकांना पात्यांचे फोटो पाठवतात आणि वाहवा करतात. त्या सतरा चाकूंनी आजवर काय कापलं आहे याची नोंद माझ्याकडे नाही. बहुधा काही नसावं.

"साहेब, खरं सांगू का?" ते म्हणाले. "सुटलात."

"कशातून?"

"त्या चाकूतून. अहो, तो चाकू नव्हेच. चाकूच्या आकाराची पट्टी. पोलाद म्हणाल तर डब्याच्या झाकणाचं. पहिल्या पुठ्ठ्यातच धार संपते. सांधा खुळखुळतो. आमच्या गटात त्याचं नाव काढलं तरी लोक हसतात."

"पण खपतो तर खूप."

"हेच मला कळत नाही. तीस वर्षं मी या प्रश्नावर विचार करतोय. लोक नाव बघून घेतात, दुसरं काय. कंपनीच्या कुलपाला चोर भीत असतील, म्हणून काय त्यांनी चाकू करायचा?"

"आमची ही तोच वापरायची."

"वहिनींबद्दल नाही म्हणत मी."

"नाही, चाकूबद्दलच म्हणताय. कळलं."

मग त्यांनी मला बसवलं आणि माझ्यासाठी चाकू निवडायला घेतला. मी बस डेपोत तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, ब्रेकचे पट्टे, बेअरिंगं. ड्रायव्हर येऊन म्हणायचा, "साहेब, माझ्या गाडीचाच जुना पाना द्या, तो हाताला बसलाय," तर मी सांगायचो, नंबर जुळला की वस्तू तीच, लाड चालायचे नाहीत. माझ्या हाताखालून अख्ख्या बसगाड्या सुट्या होऊन गेल्या. पण मला अडीच तास कोणी एका वस्तूबद्दल प्रश्न विचारले नव्हते. मूठ लाकडाची की शिंगाची. पातं किती अंशात घासलेलं. उघडलेलं पातं अडकवणारं कुलूप कुठलं. मी म्हटलं, मला सफरचंद कापायचंय. ते म्हणाले, ते नंतर बघू. आणि माझ्याच फोनवरून, माझ्याच डोळ्यांदेखत त्यांनी एक चाकू मागवला.

पार्सल शुक्रवारी आलं. खोक्यावर इतकी चिकटपट्टी गुंडाळली होती की आतली वस्तू पळून जाण्याची त्यांना भीती असावी. मी नखांनी पाहिलं, किल्लीने पाहिलं, दातांनी पाहिलं. नवा चाकू बाहेर काढायला जुना चाकू लागत होता. शेवटी स्वयंपाकघरातली सुरी घातली तर तिचं टोक वाकलं. म्हणजे माझ्या घरातली चाकूंची संख्या वाढण्याऐवजी कमीच होत होती.

चाकू मात्र देखणा होता. उघडला तर खटकन आवाज झाला. तो मिटायचा कसा ते खोक्यातल्या कागदावर सहा भाषांत लिहिलं होतं, त्यातली एकही मला येत नव्हती. मी दाबलं, ओढलं, पिळलं. पातं जागचं हललं नाही. अर्धा तास मी स्वतःच्या घरात उगारलेला चाकू घेऊन बसलो होतो. टेबलावर ठेवून द्यावा हे तेव्हा सुचलं नाही. मग उठलो आणि तसाच वरती निघालो.

जिन्याच्या वळणावर इमारतीचे सेक्रेटरी खाली येत होते. मागच्याच बैठकीत गच्चीवरच्या टाकीवरून मी त्यांना चार शब्द सुनावले होते. टाकी दोन महिने गळत होती. माझा हात पाहून ते भिंतीला चिकटले.

"साहेब, आपण बसून बोलू," ते म्हणाले.

"हे मिटत नाहीये हो," मी म्हणालो.

"मिटेल, मिटेल. टाकीचं मी आजच बघतो."

मी समजावून सांगायला एक पायरी वर चढलो, तर ते तीन पायऱ्या वर गेले. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

टाकी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. त्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'इमारतीच्या जिन्यात उघडी हत्यारे घेऊन फिरू नये. कोणीही.' 'कोणीही'खाली दोन रेघा होत्या. एकोणतीस वर्षं मी या इमारतीत राहतोय. मी कधी रेडिओ मोठ्याने लावला नाही, कोणाच्या दारात कचरा ठेवला नाही. आता पहिल्या मजल्यावरच्या बाई मला पाहून जरुरीपेक्षा जास्त गोड हसायला लागल्या.

तर त्या संध्याकाळी पोलादरावांनी चाकू एका बोटाने मिटवून दाखवला आणि सांध्याचं कौतुक सुरू केलं. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून बसलो होतो. आत वरच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, साखरेची पिशवी फोडत होत्या. लाल मुठीच्या, बोटाएवढ्या चाकूने. त्यांची आणि माझी नजर भेटली. त्यांनी चाकू हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला आणि मान हलवली, 'नाही' अशी.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. त्या सतरातल्या एकालाही हात लावू देत नाहीत, मग मी कापू कशाने? तुमच्या हिनेच आणून दिला होता मला. हवा तर घेऊन जा."

"नको. तो तुमचा आहे. मला आमचाच हवा."

"अहो भावजी, सगळे सारखेच असतात ते."

"असू देत," मी म्हणालो.

मी तोऱ्यात बोललो, हे मला जिना उतरताना कळलं.

नव्या चाकूने सफरचंद कापायला पोलादरावांची बंदी होती. फळात आम्ल असतं, त्याने पोलादावर डाग पडतात. "मग काय कापायचं?" तर म्हणे, "लगेच कापायचं नाही. आधी हाताला सवय होऊ द्या. तेल लावा. उघडा, मिटा." म्हणजे पाहुण्याला घरी आणून बाहेरच्या खोलीत बसवून ठेवायचं आणि त्याने काम करायचं नाही. असले पाहुणे मी पाहिले आहेत, पण त्यांना तेल लावलेलं नाही.

शनिवारी सकाळी बंदी मोडून मी सफरचंदाला चाकू लावला. सफरचंद कापलं गेलं, आणि त्याच झटक्यात त्याखालचं बोटही. दुखलंसुद्धा नाही. फोड लाल दिसायला लागली तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी तीन टाके घातले.

"काय कापत होतात?"

"सफरचंद."

"एवढ्या जोरात?"

"जोर नव्हता हो लावला. तेच तर."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, ती मी शर्टाच्या खिशात ठेवायला गेलो तर खिशात काहीतरी टणक लागलं. कागदाचा गोळा. धुण्याच्या यंत्रातून निघून, वाळून खडूसारखा झालेला. पूर्वी यंत्रात कपडे घालण्याआधी ही सगळे खिसे तपासायची आणि सापडलेल्या वस्तू माझ्यासमोर टेबलावर मांडायची, पोलीस मांडतात तशा. मी खिसे तपासत नाही. गोळा उलगडला तर त्याचा चुरा झाला, पण एका तुकड्यावर शिक्का शाबूत होता: ४१.

डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला सगळं आठवलं.

मंगळवारी मी वीज कार्यालयात गेलो होतो. घरचं मीटर हिच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर करायचं होतं. फाटकावर पहारेकऱ्याने खिशातला चाकू काढून घेतला आणि चिठ्ठी दिली. आत तिसऱ्या खिडकीतला कारकून माझे कागद चाळून म्हणाला, "मूळ अर्जदाराची सही नाहीये यावर."

"मूळ अर्जदार हयात नाहीत. तो दाखला खाली जोडलाय."

"दाखला बरोबर आहे. सही पण लागते. संमती म्हणून."

"दाखला बरोबर आहे म्हणताय ना? मग सही कुठून येणार?"

त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "बघा ना काही होतंय का."

यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. फाईल काखेत मारून मी असा तडक बाहेर पडलो की फाटक, पहारेकरी, चाकू, काही दिसलं नाही. बसथांबा मागे गेला तेही पुढच्या थांब्यावर कळलं.

शनिवारी कार्यालय एकपर्यंत उघडं असतं. टाके घातलेल्या बोटाने मी निघालो. खाली पोलादराव भेटले. मी सांगितलं, तर म्हणाले, "थांबा, मी येतो. वस्तू ओळखायला जाणकार माणूस लागेल." मला नको म्हणता आलं नाही. बोट दुखत होतं आणि ते रिक्षा थांबवून बसलेसुद्धा.

फाटकावर पहारेकऱ्याने आधी माझ्या अंगावरून यंत्राची दांडी फिरवली. शांत. पोलादरावांवरून फिरवली तर ती किंचाळली.

"काका, खिशात काय आहे?"

पोलादरावांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून एक छोटी चामडी पिशवी काढली, पिशवीतून एक कापड आणि कापडातून चाकू. सतरांपैकी चौथा. हा ते रोज जवळ ठेवतात, एवढंच मला माहीत होतं.

"इथे जमा करायचा."

"जमा? कुठे?"

पहारेकऱ्याने टेबलाचा खण ओढला. खणात चाकू होते. मी स्टोअरकीपर आहे, नजरेनेच मोजले: सव्वीस. त्यातले बावीस लाल मुठीचे, बोटाएवढे, एकाच कंपनीचे. बाकीचे चार काळ्या मुठीचे, त्याच कंपनीचे. पोलादरावांचा चौथा चाकू त्यांच्यावर जाऊन पडला तेव्हा पोलादरावांनी डोळे मिटून घेतले.

"एवढे?" मी विचारलं.

"इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात हाच असतो काका. आत जातात, खिडकीत भांडतात, रागाने निघून जातात. चाकू इथेच."

"न्यायला येत नाहीत?"

"छे. दुसरा घेतात. एवढ्या वर्षांत परत येणारे तुम्ही पहिले."

मी चिठ्ठीचा तुकडा दाखवला. तो म्हणाला, अख्खी चिठ्ठी नसेल तर अर्ज करा. अर्जाचा कागद दिला. 'वस्तूचे वर्णन': लिहिलं. 'मालकाचे नाव': इथे मी थांबलो. तीस वर्षं दुसऱ्यांना अर्ज भरायला लावले आहेत, खोटं लिहिणाऱ्यांचे परत केले आहेत. चाकू माझा नव्हता. मी हिचं नाव लिहिलं.

पहारेकऱ्याने अर्ज वाचला. "मग या बाईंना पाठवा ना."

"त्या नाहीत."

"गावाला?"

"नाहीत म्हणजे नाहीत."

 मग कानकोंडा होऊन म्हणाला, "मग काका, नियमाने त्यांची संमती लागेल. तिसऱ्या खिडकीत."

तिसऱ्या खिडकीतला कारकून मला पाहून म्हणाला, "झाली का सही?" मी म्हटलं, आता दुसऱ्या गोष्टीसाठीही सही हवी आहे. तो म्हणाला, मग दोन्ही एकदमच आणा. अर्धा तास मी त्याच्याशी वाद घातला आणि पोलादराव मागे उभे राहून दर दोन मिनिटांनी फाटकाकडे बघत होते.

परत आलो तर पहारेकरी शहाणा निघाला. त्याने खण पूर्ण बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. "काका, कशाला एवढं. अर्ज फाडून टाका. यातला कुठलाही उचला, मी बघत नाही."

"मला कुठलाही नकोय. आमचा हवाय."

"बरं, मग तुमचा कुठला? नंबर चिठ्ठीवरच असतो, चाकूवर नाही."

मी वाकून पाहिलं. बावीस लाल चाकू. एकेक हातात घेतला, उघडला, मिटला. मला ओळखता येईना. रोज सकाळी एकोणीस वर्षं ते पातं माझ्या तोंडापुढे आलं होतं आणि मी त्या वेळी पेपर वाचत होतो.

मी जाणकारांकडे पाहिलं. पोलादरावांनी खिशातून भिंग काढलं, सगळी पाती तपासली आणि निकाल दिला, "सगळे सारखेच बोथट आहेत. यातल्या कुठल्याही चाकूने कोणाचा ओठ कापला जाणं शक्य नाही."

एवढ्यात एक वाजला. आतून एक गृहस्थ आले, खण उचलून टेबलात ढकलला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघाले.

"अहो, माझा आत राहिला," पोलादराव म्हणाले.

"सोमवारी," ते गृहस्थ म्हणाले. कुलूपही त्याच कंपनीचं होतं.

रिक्षात पोलादराव एकदाच बोलले. "घासला जाईल हो तो त्यांच्यात." त्या माणसाचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कोणाची वस्तू कुठल्या खणात अडकली तर काय वाटतं ते मला समजत होतं.

रविवारी ते तीनदा खाली आले. तेल लावायला सोळाच होते, त्यामुळे त्यांचा दिवस लवकर संपला होता. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी बाहेर पडलो आणि हार्डवेअरच्या दुकानाकडे गेलो. मी यापूर्वी त्या दुकानात कधी गेलो नव्हतो. असली खरेदी ही करायची.

गल्ल्याशेजारी खिळा होता, खिळ्याला पुठ्ठा होता, पुठ्ठ्यावर बारा मोकळ्या जागा होत्या.

"लाल चाकू संपला का?"

"पुढच्या आठवड्यात येईल. हरवला का?" दुकानदार म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हा मागणाऱ्याचा आधीचा हरवलेलाच असतो." तो चष्मा पुसत बोलत होता. घाईत नव्हता. "चांगले चाकू मीही ठेवून पाहिले. चांगला चाकू हरवला की माणूस आठवडाभर स्वतःला शिव्या घालतो आणि दुसरा घेत नाही. घेतला तरी कपाटात ठेवतो. हा हरवला की चौथ्या दिवशी माझ्या दारात. म्हणतो, तसाच द्या. आणि तसाच मिळतो, हीच त्याची करामत. तीस वर्षांत मूठ बदलली नाही, नाव बदललं नाही. पोलाद कुठलं म्हणून मला आजवर एकानेच विचारलं. ते तुमच्याच इमारतीत राहतात, पुलांचे इंजिनियर."

"तुम्हाला माझी इमारत माहीत आहे?"

"बाईंबरोबर पाहिलंय ना तुम्हाला. तुम्ही बाहेर उभे असायचात, पेपर वाचत." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "कळलं मला. वाईट झालं. नेमाने यायच्या. वर्षातून दोनदा तरी."

"कशासाठी?"

"यासाठीच." त्याने रिकाम्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "तसाच एक द्या, म्हणायच्या. कधी बसमध्ये राहायचा, कधी सालींबरोबर कचऱ्यात जायचा. एकदा मी म्हटलं, बाई, दुसरा दाखवू का, याच्यापेक्षा बरा आहे. तर म्हणाल्या, नको, ह्यांना कळेल."

मी पुठ्ठ्यावरच्या मोकळ्या जागा मोजल्या.

"रंगसुद्धा तोच लागायचा. एकदा निळे आले होते, तर दोन आठवडे थांबल्या."

ते दोन आठवडे मला आठवले. सफरचंद सुरीने कापलेलं होतं आणि चाकू कुठाय विचारल्यावर ही म्हणाली होती, धार लावायला दिलाय. मी मान हलवून पेपर वाचला होता. त्या चाकूला धार कोण लावून देणार होतं?

घरी येईपर्यंत माझा पारा चढला होता. मी आयुष्यात अकरा छत्र्या हरवल्या. अकराच. त्या अकरा छत्र्यांची यादी हिला तोंडपाठ होती, कुठली कुठे राहिली त्यासकट, आणि पाहुणे आले की ती यादी म्हणून दाखवली जायची. "ह्यांच्या हातात छत्री देणं म्हणजे ती लोकांना वाटणं," असं माझ्या साहेबांसमोर बोलली होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि स्वतः वर्षाला दोन. एकोणीस दुणे अडतीस चाकू. वर एकदा मला म्हणाली होती, "बघा, एवढासा चाकू, पण मी कसा जपलाय."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला हिच्याशी भांडावंसं वाटलं. मी खुर्ची ओढून बसलोसुद्धा. मुद्दे तयार होते, पुरावा होता, साक्षीदार होता. असं पक्कं भांडण माझ्या हाती आजवर कधी आलं नव्हतं. हिने काय केलं असतं तेही ठाऊक आहे. "मग? तुम्हाला कळलं का कधी?" म्हणून हसली असती.

नव्हतं कळलं.

सोमवारी पोलादराव माझ्याआधी खाली तयार होते. कार्यालयात पहारेकऱ्याने खण उघडला, आणि त्यांचा चाकू खणात नव्हता. तो टेबलावर होता. पहारेकऱ्याने नुकताच त्या चाकूने नव्या रजिस्टरांच्या गठ्ठ्याचा दोर कापला होता.

"चांगला आहे काका," तो चाकू परत देत म्हणाला. "पण मिटायला फार त्रास देतो. शेवटी खणातला लाल घेऊन त्याने दाबून मिटवला."

पोलादरावांनी चाकू दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाकडे वळले. पात्यावर एक बारीक ओरखडा होता. ते बराच वेळ तो बघत राहिले. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "कापला ना व्यवस्थित दोर?"

"एका झटक्यात."

"तेवीस वर्षांत पहिल्यांदा कापलं त्याने काही," पोलादराव म्हणाले आणि कापडात गुंडाळून पिशवीत ठेवला. त्यांच्या आवाजात अभिमान होता की काय, मला सांगता येणार नाही.

"आणि काका, तुमचं काय?" पहारेकऱ्याने मला विचारलं. "आला का आठवून तुमचा कुठला ते?"

"नाही. त्यातला कुठलाही द्या."

"आता कुठलाही चालेल?"

"चालेल. तोच आहे."

त्याने हाताला लागला तो दिला. मी रजिस्टरमध्ये सही केली. मालकाच्या रकान्यात या वेळी माझं नाव घातलं.

"तिसरी खिडकी मोकळी आहे आत्ता," तो म्हणाला. "साहेब बदललेत. सहीचं काही म्हणणार नाहीत, नुसता दाखला बघतात. मीटरचं काम पाच मिनिटांत होईल. फाईल आणलीय ना?"

फाईल काखेत होती. मी खिडकीकडे पाहिलं. खरंच मोकळी होती.

"आज नको," मी म्हणालो. पोलादरावांनी माझ्याकडे पाहिलं. रिक्षा त्यांनीच थांबवली.

घरी येऊन सफरचंद घेतलं आणि खिडकीशी उभा राहिलो. चाकूने दोनदा साल फाडली, तिसऱ्यांदा फोड निघाली. वेडीवाकडी होती. टोकावर घेऊन खाल्ली. ओठ कापला नाही. पोलादराव म्हणतात ते बरोबर आहे, त्या चाकूला धार अशी नाहीच.

आजच्या टपालात विजेचं बिल आलं. पाकीट त्याच चाकूने फोडलं. वर हिचं नाव आहे. मीटर अजून माझ्या नावावर करायचं राहिलं आहे.